मूल उशिरा बोलतंय, एका जागी बसत नाही: अचूक निदान कसं होतं आणि पालकांनी काय विचारावं?

दीड वर्षाचं मूल हाक मारली तरी वळून बघत नाही. अडीच वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नाही. दुसरीतला मुलगा वर्गात पाच मिनिटंही बसत नाही आणि वही कायम अर्धी कोरी. अशा वेळी घरातली मोठी माणसं म्हणतात, "याचे बाबाही चौथ्या वर्षी बोलले, थांबा जरा." मोबाइल उघडला की रील समोर येतं, "ही पाच लक्षणं असतील तर तुमच्या मुलाला ऑटिझम आहे."

घरच्यांचं ऐकून थांबलं तर उपचारांची महत्त्वाची वर्षं हातून जातात. रीलवर विश्वास ठेवला तर नको ते नाव मुलाला चिकटू शकतं. मुलाला नेमकं काय होतंय हे कळण्यासाठी ठरलेली पद्धत आहे. त्यातल्या बऱ्याच तपासण्या सरकारी व्यवस्थेत मोफत किंवा कमी खर्चात होतात. ही पद्धत काय आहे, ते समजून घेऊ.

लक्षण एक, कारणं अनेक

"मूल बोलत नाही" ही तक्रार आहे, आजाराचं नाव नाही. त्यामागे कमी ऐकू येणं असू शकतं, ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असू शकते, एकूणच विकास मंद असू शकतो किंवा बाकी सगळं ठीक असून फक्त भाषेची अडचण असू शकते.

"एका जागी बसत नाही" याचंही तसंच आहे. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता हे त्याचं एक कारण. पण फळ्यावरचं नीट न दिसणारं, ऐकू कमी येणारं, वाचता न आल्यामुळे कंटाळलेलं किंवा घरातल्या ताणाने धास्तावलेलं मूलही असंच वागतं. नाकामागची ॲडेनॉइडची गाठ वाढली की मूल रात्री घोरतं, झोप तुटते आणि दिवसा ते चिडचिडं आणि चंचल होतं. काही मुलं वर्गात मध्येच काही सेकंद शून्यात बघत राहतात. शिक्षकांना वाटतं लक्ष नाही, पण तो फिट्सचा एक प्रकार असू शकतो.

कारण चुकलं की उपचारही चुकतात. ज्या मुलाला श्रवणयंत्राची गरज आहे, त्याला वर्षभर फक्त वर्तन सुधारण्याची थेरपी दिली तर ते वर्ष वाया जातं. ज्याला डिस्लेक्सिया आहे, त्याला "आळशी" म्हणून शिकवणी लावली तर त्याचा आत्मविश्वास तेवढा जातो.

एका मुलाला एकच अडचण असेल असंही नाही. भारतातल्या पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांच्या मुलांचा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'प्लॉस मेडिसिन' या नियतकालिकात आले. पाचपैकी एक ठिकाण उत्तर गोवा होतं. दृष्टी, श्रवण, वाचा, फिट्स, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता अशा अडचणींपैकी किमान एक अडचण साधारण आठपैकी एका मुलात आढळली. अशा मुलांपैकी जवळपास पाचव्या हिश्शाला एकापेक्षा जास्त अडचणी होत्या. म्हणून एक नाव सापडलं की तपास थांबवायचा नसतो.

कोणत्या वयात काय दिसलं तर थांबू नये?

प्रत्येक मूल वेगळ्या गतीने वाढतं, हे खरं. तरी पुढच्या गोष्टी दिसल्या तर "बघू अजून सहा महिने" असं म्हणू नये:

- १२ महिने झाले तरी बाळ 'बाबाबा', 'दादादा' अशी बडबड करत नाही, बोटाने काही दाखवत नाही किंवा टाटा करत नाही.
- १६ महिने झाले तरी एकही अर्थाचा शब्द नाही.
- १८ महिने झाले तरी आधाराशिवाय चालत नाही.
- २४ महिने झाले तरी "पाणी दे", "बाबा आले" असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही. आपण बोललेलं जसंच्या तसं परत म्हणणं यात धरायचं नाही.
- आधी येत असलेले शब्द, हसणं, नजर देणं कोणत्याही वयात बंद झालं.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. आलेलं कौशल्य गेलं किंवा सोबत झटके येत असतील, तर डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जावं.

मुलगे मुलींपेक्षा थोडे उशिरा बोलतात, हे सरासरीच्या हिशेबाने खरं आहे. पण तो फरक छोटा आहे. दोन वर्षं गप्प राहण्याचं कारण म्हणून तो पुरत नाही. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि शेजारी हिंदी असल्यामुळे मूल बोलत नाही, हाही गैरसमज आहे. अनेक भाषा कानावर पडल्याने भाषेचा विकार होत नाही. शब्द मोजताना मात्र सगळ्या भाषांतले मिळून मोजावेत.

प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे

ऑनलाइन फिरणाऱ्या बहुतेक "ऑटिझम टेस्ट" एम-चॅट नावाच्या प्रश्नावलीवरून घेतलेल्या असतात. मूळ प्रश्नावली चांगली आहे. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी तिच्या सुधारित आवृत्तीत २० प्रश्न आहेत आणि उत्तरं पालकांनी द्यायची असतात. पण ती चाळणी आहे. कोणाला पुढे तपासायचं एवढंच ती सांगते.

अमेरिकेत १६ हजारांहून अधिक मुलांवर तिची पडताळणी झाली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रश्नावली आणि त्यानंतरची फेरमुलाखत या दोन्हींत ज्यांच्याबद्दल शंका राहिली, त्यांच्यापैकी ऑटिझमचं निदान निम्म्याहून थोड्या कमी मुलांना झालं. मात्र सुमारे ९५ टक्के मुलांमध्ये विकासाची कोणती ना कोणती अडचण किंवा काळजीची बाब सापडली.

पालकांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. चाळणीत शंका आली म्हणजे ऑटिझमच आहे, असं नाही. पण शंका आली तर दुर्लक्षही करायचं नाही, कारण काहीतरी मदत लागण्याची शक्यता खूप मोठी आहे. उलट बाजूही आहे. चाळणीत सगळं ठीक आलं आणि तरी आईच्या मनातली काळजी जात नसेल, तर तपासणी करून घ्यावी.

पहिली तपासणी कानांची

बोलण्यात उशीर असलेल्या प्रत्येक मुलाची श्रवण तपासणी व्हायलाच हवी. "दार वाजलं की बघतो, टीव्हीवरचं गाणं लागलं की पळत येतो, म्हणजे ऐकू येतं" हा घरगुती पुरावा अपुरा आहे. काही मुलांना जाड, मोठे आवाज ऐकू येतात, पण स, श, फ यांसारखे बारीक आवाज निसटतात. मग बोलणं अर्धवट कानावर पडतं आणि अर्धवटच शिकलं जातं. सर्दीमुळे कानाच्या पडद्यामागे वारंवार पाणी साचणाऱ्या मुलांचंही असं होतं.

यासाठी दोन तपासण्या प्रचलित आहेत. ओएई ही काही मिनिटांची तपासणी आतल्या कानाचा प्रतिसाद बघते. बेरा ही तपासणी कानापासून मेंदूपर्यंत जाणारा मार्ग बघते आणि मूल झोपलेलं असताना करतात. दोन्हीत दुखत नाही आणि मुलाला काही उत्तर द्यावं लागत नाही. त्याच सुमारास डोळे तपासून घ्यावेत. गरज वाटल्यास डॉक्टर थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही बघतात.

निदान नेमकं कसं होतं?

ऑटिझम किंवा एडीएचडी दाखवणारी रक्ताची तपासणी नाही. एमआरआयमध्येही ते दिसत नाही. एमआरआय, ईईजी किंवा जनुकीय तपासणी सरसकट करायची नसते. झटके येत असतील, डोक्याचा घेर असामान्य असेल, आलेलं कौशल्य गेलं असेल किंवा चेहऱ्याची-शरीराची ठेवण वेगळी असेल, अशा वेळी डॉक्टर त्या सांगतात आणि त्या वेळी त्या खरोखर उपयोगी असतात.

निदानाचे मुख्य आधार तीन: पालकांची सविस्तर मुलाखत, मुलाचं थेट निरीक्षण आणि प्रमाणित चाचण्या. हे काम विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा बाल मनोविकारतज्ज्ञ करतात. त्यांच्यासोबत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतात.

प्रत्येक अडचणीचं निदान कोणत्या वयात करता येतं, हे ठाऊक असलं की घाईचं निदान ओळखता येतं.

ऑटिझम: अनुभवी तज्ज्ञ दोन वर्षांच्या सुमारास बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकतात. त्यासाठी इतरांशी संवाद साधण्यातली अडचण आणि तेच ते वागणं, ठरावीकपणाचा हट्ट किंवा आवाज-स्पर्शाला वेगळा प्रतिसाद, असं दोन्ही दिसावं लागतं. फक्त उशिरा बोलणं म्हणजे ऑटिझम नव्हे. भारतात आयएसएए नावाची ४० मुद्द्यांची मोजपट्टी वापरतात. तिच्यात ७० पेक्षा कमी गुण म्हणजे ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र.

एडीएचडी: चार वर्षांच्या आत हे निदान सहसा करत नाहीत, कारण त्या वयात चंचल असणं स्वाभाविक आहे. लक्षणं किमान सहा महिने असावी लागतात, वयाच्या १२ वर्षांआधी सुरू झालेली असावी लागतात आणि घर आणि शाळा अशा दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावी लागतात. म्हणून शिक्षकांचं म्हणणं न विचारता केलेलं निदान अपुरं असतं. उड्या न मारणाऱ्या, पण स्वतःतच हरवलेल्या मुलींचं एडीएचडी अनेकदा सुटून जातं.

बौद्धिक अक्षमता: पाच वर्षांच्या आत बुद्ध्यांक भरवशाचा नसतो. त्यामुळे लहान वयात "विकासात एकंदर विलंब" असं म्हणतात आणि पुढे पुन्हा तपासतात. फक्त बुद्ध्यांक बघून हे ठरत नाही. जेवणं, कपडे घालणं, व्यवहार समजणं अशी रोजची कामं मूल कितपत करतं, तेही मोजावं लागतं.

अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया वगैरे: बालवाडीत 'ब' आणि 'क' उलटे काढणारं मूल डिस्लेक्सिक ठरत नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शाळेतली चाळणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी असेल तेव्हा, करायची असते. प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच मिळतं आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते.

'व्हर्च्युअल ऑटिझम' हे निदान आहे का?

हा शब्द समाजमाध्यमांवर जोरात आहे. पण निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ आणि आयसीडी-११ या दोन्ही वर्गीकरणांत तो नाही. लहान वयात तासन्‌तास मोबाइल बघितल्याने बोलणं आणि खेळणं मागे पडू शकतं, हे खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने एक वर्षाच्या आत स्क्रीन नकोच आणि २ ते ४ वर्षांत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, असं सांगितलं आहे. मोबाइल आजच बंद करावा. पण "मोबाइलमुळेच झालंय, बंद केला की जाईल" असं समजून तपासणी पुढे ढकलू नये. काही मुलं मोबाइलकडे जास्त ओढली जातात, त्याचं मूळ कारणच ऑटिझम असतं.

चाचणी कोणत्या भाषेत झाली, हे विचारा

घरी फक्त मराठी बोलणाऱ्या मुलाची चाचणी इंग्रजीत घेतली, तर मुलाची अडचण कळण्याऐवजी त्याचं इंग्रजी कळतं. मराठीत साधनं आहेत. बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी तयार केली होती आणि ती आजही सरकारी रुग्णालयांत वापरतात. मात्र अशा जुन्या चाचण्यांचे मापदंड काही दशकांपूर्वीचे आहेत, म्हणून एका आकड्यावर सगळं ठरवू नये. डिस्लेक्सियासाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' हे साधन तयार केलं असून ते मराठीतही आहे. मूल मराठी शाळेत असेल तर वाचन-लेखनाची चाचणी मराठीतच व्हायला हवी.

महाराष्ट्रात कुठे जायचं?

अंगणवाडी आणि शाळा: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये पालघरमधून झाली. त्यात ० ते १८ वयोगटातल्या मुलांची मोफत तपासणी होते. फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी, अनुदानित शाळेत एकदा येणं अपेक्षित असतं. पथक कधी येणार, हे अंगणवाडी ताई किंवा आशा ताईंना विचारा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा. अनोळखी माणसांसमोर मूल गप्प असतं. तुमची काळजी तुम्हीच सांगायची आहे.

जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र: याला डीईआयसी म्हणतात. जिल्हा पातळीवर बालरोगतज्ज्ञ, श्रवण आणि वाचा तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट एकाच ठिकाणी असावेत, अशी ही योजना आहे. ते कुठे आहे हे जिल्हा रुग्णालयात कळतं. एखादं पद रिकामं असेल तर पुढे कुठे पाठवणार, हे लेखी घ्यावं.

राष्ट्रीय संस्था: ऐकणं आणि बोलण्यासाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. बौद्धिक अक्षमतेसाठीच्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे.

वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं: इथे बालरोग, मनोविकार आणि कान-नाक-घसा हे तिन्ही विभाग एका आवारात मिळतात. मुंबईत शीव रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी अनेक वर्षांपासून होते.

खासगीत जात असाल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारा. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करण्यासारखं काही नाही. तो अहवालावर लिहिलेला असावा.

पहिल्या भेटीला जाताना काय न्यावं?

- माता-बाल संरक्षण कार्ड आणि डिस्चार्ज कार्ड. बाळ किती महिन्यांचं जन्मलं, वजन किती होतं, लगेच रडलं का, काचेत ठेवलं होतं का, कावीळ झाली होती का, हे त्यात असतं.
- बसणं, चालणं, पहिला शब्द यांची साधारण वयं एका कागदावर.
- एक-दोन मिनिटांचे तीन-चार व्हिडिओ: एकटं खेळताना, जेवताना, हाक मारल्यावर, इतर मुलांमध्ये. दवाखान्यात न दिसणारं वागणं त्यात दिसतं. हे व्हिडिओ डॉक्टरांसाठी आहेत, स्टेटसला ठेवण्यासाठी नाहीत.
- शाळेत जाणारं मूल असेल तर वह्या आणि वर्गशिक्षकांची चार ओळींची चिठ्ठी.
- जवळच्या नात्यात कोणाला बोलणं, शिकणं, ऐकणं किंवा फिट्सची अडचण असेल तर त्याची नोंद. घरची गोष्ट बाहेर कशाला, असं वाटून ती लपवली तर नुकसान मुलाचंच होतं.

शक्य असेल तर आई-बाबा दोघांनी जावं, आणि मूल दिवसभर आजीकडे असेल तर आजीलाही न्यावं.

डॉक्टरांना काय विचारावं?

"हे कशावरून ठरवलं?", "दुसऱ्या कोणत्या शक्यता तपासल्या?", "ऐकू येण्याची तपासणी झाली का?", "सोबत आणखी काही अडचण असू शकते का?", "पुन्हा कधी तपासायचं?" हे पाच प्रश्न विचारा आणि अहवाल लेखी मागा. त्यात फक्त आजाराचं नाव नको. मुलाला काय येतं, काय येत नाही आणि पुढच्या सहा महिन्यांत कशावर काम करायचं, हेही हवं.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर दुसरं मत घ्या: दहा मिनिटांत मुलाशी न खेळता दिलेलं निदान, एकाच प्रश्नावलीवर दिलेलं निदान, पहिल्याच दिवशी वर्षभराच्या थेरपीचे पैसे भरायचा आग्रह किंवा "पूर्ण बरा करतो" अशी हमी. बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्या चाचण्यांना शास्त्रीय आधार नाही. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस राष्ट्रीय वैद्यक आयोगाने केलेली नाही. दुसरं मत घेणं म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा अपमान नव्हे. मात्र मनासारखं उत्तर मिळेपर्यंत दवाखाने बदलत राहण्यातही वेळ जातो. दोन तज्ज्ञांचं एकमत झालं की कामाला लागावं.

निदान आणि प्रमाणपत्र वेगळं

निदान उपचारांसाठी असतं, प्रमाणपत्र हक्कांसाठी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. त्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, श्रवणदोष आणि वाचादोष आहेत. एडीएचडी त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणीला जावं लागतं. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठी आठवी-नववीतच तपासणी करून घ्यावी. परीक्षेच्या तोंडावर तारीख मिळणं कठीण होतं.

निदान होईपर्यंत काय करायचं?

मोठ्या रुग्णालयांत तारीख मिळायला वेळ लागतो. तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही. मूल बोलत नाही हे दिसतंय, मग बोलण्यासाठीची मदत नाव कळायच्या आधीही सुरू करता येते. जमिनीवर मुलासमोर बसून खेळा. ते ज्या वस्तूकडे बघतंय तिचं नाव घ्या. मागण्याआधीच हातात देऊ नका, दोन क्षण वाट बघा. भाजी निवडताना, अंघोळीच्या वेळी, जिना चढताना छोट्या वाक्यांत बोलत राहा. आवाज, खूण किंवा बोट, मुलाने कशानेही उत्तर दिलं तरी ते उत्तर माना.

ऐकण्याची तपासणी आणि बालरोगतज्ज्ञांची भेट या दोन गोष्टींना मात्र मोठ्या तारखेची वाट बघावी लागत नाही. त्या याच आठवड्यात होऊ शकतात.